ऑक्सिजन लावला, तरी डोकं दुखायचं का थांबलं नाही?

वाचक-पत्र:

आम्ही लालबागला चाळीत राहतो, एक खोली आणि स्वयंपाकघर. मिस्टर छापखान्यात मशीनवर आहेत, वय 41. दर वर्षी दिवाळीच्या मागेपुढे महिना-दीड महिना त्यांच्या उजव्या डोळ्यामागे भयंकर कळा येतात. रात्री दीडच्या सुमाराला उठतात, डोळा लालभडक होतो, पाणी वाहतं, त्याच बाजूची नाकपुडी चोंदते. खोलीभर फेऱ्या मारतात, भिंतीवर डोकं आपटतात. तासाभराने थांबतं, कधी पहाटे पुन्हा येतं. आधी सायनस म्हणून औषधं झाली, मग एक दाढ काढली, मग अर्धशिशीच्या गोळ्या झाल्या. यंदा न्यूरॉलॉजिस्टनी क्लस्टर डोकेदुखी सांगितली. एमआरआय नॉर्मल आला. चिठ्ठीवर ऑक्सिजन लिहून दिला. शेजाऱ्यांकडे कोरोनात घेतलेलं ऑक्सिजनचं मशीन होतं, ते आणून नाकात नळी लावली, पण काडीचा फरक पडला नाही. आता मिस्टर म्हणतात, हे सगळं थोतांड आहे. सासूबाई बाम चोळतात, वाफ देतात, दृष्ट काढतात. घरात सिलिंडर ठेवायची मला भीती वाटते. परवा ते म्हणाले, असल्या जगण्यात अर्थ नाही. आम्ही काय करावं?

उत्तर:

ताई, तुम्ही शेवटी शेवटी लिहिलेलं वाक्य मी आधी घेते. ‘असल्या जगण्यात अर्थ नाही’ हे ऐकून सोडून देऊ नका. दिवसा, दुखत नसताना, दोघंच असाल तेव्हा सरळ विचारा: ‘जीव द्यावा असं मनात येतं का? काही ठरवलंय का?’ असं विचारल्याने नसता विचार डोक्यात शिरतो हा गैरसमज आहे. उलट माणूस मोकळा होतो. या दुखण्याची कळ इतकी असह्य असते की डॉक्टर मंडळींतही त्याला ‘आत्महत्येची डोकेदुखी’ असं नाव पडलं आहे. दुखणं ओसरलं की बहुतेकांच्या मनातला तो विचारही ओसरतो, पण ते गृहीत धरू नका. त्यांनी काही ठरवलं असेल तर त्यांना एकटं ठेवू नका, त्याच दिवशी हॉस्पिटलला न्या. सरकारची टेलि-मानस सेवा 14416 या नंबरवर दिवसरात्र मोफत आहे आणि तिथे मराठीतून बोलता येतं. नंबर त्यांच्याही फोनमध्ये घालून ठेवा.

आता ऑक्सिजन. तुमच्या डॉक्टरांनी लिहिलेला उपाय थोतांड मुळीच नाही. 1950च्या दशकापासून तो या दुखण्यावर वापरला जातोय. 2009 साली छापून आलेल्या एका मोठ्या ब्रिटिश चाचणीत एका अटॅकला खरा ऑक्सिजन आणि दुसऱ्याला साधी हवा दिली होती, रुग्णांना कळू न देता. पंधरा मिनिटांत दुखणं थांबण्याचं किंवा पुरेसं उतरण्याचं प्रमाण ऑक्सिजनने 78 टक्के होतं आणि हवेने 20 टक्के. मात्र त्या चाचणीत ऑक्सिजन मिनिटाला 12 लिटरने, शंभर टक्के शुद्ध आणि तोंडावर घट्ट बसणाऱ्या मास्कमधून दिला होता. तुमच्याकडे यातलं काहीच नव्हतं.

शेजाऱ्यांचं ते मशीन, म्हणजे कॉन्सन्ट्रेटर, मुंबईतल्या कितीतरी घरांत 2021च्या लाटेपासून पलंगाखाली पडून आहे. बहुतेक 5 लिटरचं असतं. खोलीतली हवा घेऊन त्यातला नायट्रोजन गाळायचा आणि मिनिटाला जास्तीत जास्त 5 लिटर ऑक्सिजन बाहेर सोडायचा, एवढीच त्याची ताकद. कळेने तळमळणारा माणूस मिनिटाला त्याच्या कितीतरी पट हवा आत ओढत असतो. नाकातल्या नळीतून थोडा ऑक्सिजन जातो आणि उरलेली सगळी भर नाकातोंडातून येणाऱ्या खोलीतल्या हवेची पडते. फुप्फुसात पोचेपर्यंत त्याचं पाणी पाणी झालेलं असतं. कोरोनाच्या पेशंटला रक्तातला ऑक्सिजन वाढवायला एवढं पुरत असे. तुमच्या मिस्टरांच्या रक्तात ऑक्सिजन कमी नाहीच. इथे तो औषध म्हणून द्यायचाय आणि औषधाचा डोस पुरा पडावा लागतो.

म्हणून सिलिंडर आणा. डॉक्टरांकडून चिठ्ठी पुन्हा नीट लिहून घ्या, नुसतं ‘ऑक्सिजन’ लिहिलेलं चालणार नाही. त्यात हवं: शंभर टक्के ऑक्सिजन, मिनिटाला 12 ते 15 लिटर, नॉन-रिब्रीदर मास्कने, अटॅक सुरू होताच 15 ते 20 मिनिटं. त्याआधी एक गोष्ट डॉक्टरांना सांगायची. मिस्टर बरीच वर्षं सिगारेट-विडी ओढत असतील, जिना चढताना धाप लागत असेल किंवा सीओपीडी, म्हणजे फुप्फुसांचा जुनाट दम्यासारखा आजार, असेल, तर इतका जोराचा ऑक्सिजन काही फुप्फुसांना मानवत नाही. छाती तपासून घ्या, मगच सुरू करा.

सिलिंडर भाड्याने मिळतो, डिपॉझिट भरावं लागतं. बी टाइप म्हणजे कमरेला येईल एवढा, एक माणूस जिना चढून आणू शकतो. त्यात साधारण 1500 लिटर वायू असतो. मिनिटाला 12 लिटरने पंधरा मिनिटं म्हणजे 180 लिटर, म्हणजे सात-आठ अटॅक निघतात. 15 लिटरने वीस मिनिटं लागली तर पाचच. रोज रात्री दोनदा येत असेल तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सिलिंडर संपणार. जंबो सिलिंडरमध्ये 7000 लिटर असतो, त्याच हिशेबाने अकरा ते एकोणीस दिवस निघतील, पण तो चाळीच्या जिन्यावरून चढवणं हमालाचं काम आहे. माझं मत विचाराल तर तुमच्या घरात दोन बी सिलिंडर ठेवा, एक लावलेला आणि एक भरलेला. पहिला संपला की सकाळीच दुकानदाराला फोन करा. रात्री दीडला रिकामा सिलिंडर हातात आला तर त्या माणसाचा धीर सुटतो. वैद्यकीय सिलिंडर काळा आणि वरचा खांदा पांढरा असतो. वेल्डिंगच्या दुकानातून स्वस्तात मिळतो म्हणून कुणी आणून देईल, तो घेऊ नका.

मास्कवर मी जरा थांबते, कारण सगळा खेळ तिथेच बिघडतो. दुकानदाराला ‘ऑक्सिजन मास्क’ म्हटलंत तर तो साधा मास्क देईल, ज्याच्या बाजूच्या भोकांतून हवा आत येते. तुम्हाला खाली प्लास्टिकची पिशवी असलेला हवाय, नॉन-रिब्रीदर असं नाव घेऊनच मागा. मास्कच्या आत, पिशवीच्या तोंडाशी एक पातळ रबरी चकती असते, बाहेरच्या भोकांवरही असते. ती आहे ना, ते घेतानाच बघा. मिस्टरांना दुपारीच, दुखत नसताना, सगळं एकदा करायला लावा. आधी किल्लीने सिलिंडरचा व्हॉल्व्ह हळू उघडायचा. फ्लोमीटरच्या, म्हणजे मिनिटाला किती लिटर सुटतोय ते दाखवणाऱ्या मापकाच्या, काचेच्या नळीतली गोळी वर चढते, तिचा मध्य 12 किंवा 15च्या रेघेवर आणायचा. काही फ्लोमीटरना पाण्याची बाटली असते, तिचं झाकण घट्ट आहे का बघा, नाहीतर ऑक्सिजन तिथूनच फुस्स होतो. मग आतली चकती अंगठ्याने दाबून पिशवी टम्म फुगू द्यायची आणि त्यानंतरच मास्क चेहऱ्यावर घ्यायचा. रबरी पट्टा ओढून, हाताने दाबून नाकाच्या दोन्ही बाजूंच्या फटी बंद करायच्या. स्टुलावर बसून, कोपरं गुडघ्यांवर टेकवून, थोडं पुढे वाकून दीर्घ श्वास घ्यायचे. श्वास घेताना पिशवी आकसेल, पण पूर्ण चपटी होता कामा नये. झालीच तर गोळी वर न्या. आडवं झोपून घेऊ नका, बहुतेकांना बसूनच बरं पडतं.

आणि उशीर करायचा नाही. कळ ‘येतेय’ असं वाटलं, डोळ्याच्या कोपऱ्यात टोचायला लागलं, की मास्क. ‘बघू, वाढते का’ म्हणत पाऊण तास गेला की ऑक्सिजनचा उपयोग घसरतो. दुखणं उतरल्यावरही पाचेक मिनिटं घेत राहा, पटकन काढलं तर काहींना कळ परत उलटते. वीस मिनिटांत काहीच फरक पडला नाही तर त्या वेळेपुरतं थांबवा आणि डॉक्टरांना सांगा.

तुमची भीती रास्त आहे, आणि ती नियमांत बसवली की राहता येतं. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण त्याच्या सान्निध्यात बाकी सगळं भडकून पेटतं. तुमच्या एवढ्याशा घरात गॅस, देवघरातलं निरांजन आणि उदबत्ती, तिन्ही हाकेच्या अंतरावर आहेत. म्हणून सिलिंडर स्वयंपाकघरापासून आणि देवघरापासून सर्वांत लांबच्या भिंतीला, उभा, साखळीने खिळ्याला नव्हे तर पक्क्या हुकाला बांधून ठेवा. आडवा झाला, व्हॉल्व्ह तुटला तर तो तोफेसारखा सुटतो. माळ्यावर नको, पलंगाखाली नको, कपाटात बंद नको. चालू असताना गॅलरीचं दार आणि खिडकी उघडी हवी. सिगारेट घरात नाहीच, गॅलरीत उभं राहून मास्क घेत असतील तर तिथेही कुणी ओढायची नाही. ऑक्सिजन अंथरुणात, कपड्यांत काही वेळ भरून राहतो, तेव्हा मास्क काढल्या काढल्या चहासाठी लायटर पेटवू नका. काहींना कळेच्या सुरुवातीला कडक कॉफीने जरा आराम वाटतो. पुरावा तोकडा आहे, पण करून बघायला हरकत नाही. मात्र ती रात्रीच थर्मासमध्ये भरून ठेवा, म्हणजे गॅसपाशी जावं लागणार नाही.

सासूबाईंचा बाम इथे आड येतो. बामाला व्हॅसलीनसारखा तेलकट पाया असतो आणि तेल-ग्रीसचं ऑक्सिजनशी अजिबात जमत नाही. कपाळावर, नाकावर बाम चोपडून मास्क लावायचा नाही आणि बामाच्या किंवा खोबरेल तेलाच्या हाताने व्हॉल्व्ह उघडायचा नाही. त्यांना हे प्रेमाने सांगा. वाफही बंद करा. तडफडणाऱ्या माणसासमोर रात्री उकळत्या पाण्याचं पातेलं म्हणजे भाजण्याचीच भीती, शिवाय उष्णतेने काहींची कळ वाढते. दृष्ट काढल्याने अपाय नाही, फक्त ओवाळून झालेल्या मिरच्या जाळायला मास्क चालू असताना चूल पेटवू नये. सासूबाईंच्या हाताला काम हवं असेल तर फ्रीजरमधला बर्फ पंच्यात गुंडाळून त्यांनी लेकाच्या कपाळावर धरावा. थंड हवा, थंड पाणी यांनी बऱ्याच जणांना तेवढ्यापुरतं निभावून नेता येतं.

पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, कॉम्बिफ्लाम यांच्यावर पैसे घालवू नका. अटॅक पंधरा मिनिटांपासून तीन तासांपर्यंत कधीही संपू शकतो आणि गोळी पोटातून रक्तात उतरेपर्यंत तो बहुधा उरकलेला असतो. मग बरं वाटलं ते गोळीने, असं वाटत राहतं आणि पट्ट्यावर पट्टे जातात. ऑक्सिजनच्या जोडीला खरोखर कामाचं औषध म्हणजे सुमाट्रिप्टानचं 6 मिलीग्रॅमचं कातडीखालचं इंजेक्शन. ते मधुमेहाच्या इन्सुलिनसारखं घरी घेता येतं, पंधरा मिनिटांच्या आत काम करतं आणि चोवीस तासांत दोनाहून जास्त घ्यायचं नसतं. ज्यांना इंजेक्शन नको त्यांच्यासाठी नाकातला फवारा असतो. पण हृदयविकार किंवा आटोक्यात नसलेलं बीपी असेल तर हे औषध चालत नाही. 41 वर्षांच्या माणसाने आधी ईसीजी आणि बीपी दाखवल्याशिवाय घेऊ नये.

यानंतरची गोष्ट तुमच्या चिठ्ठीवर आहे की नाही, हे पत्रावरून कळत नाही. ऑक्सिजन आणि इंजेक्शन आलेला अटॅक मोडतात. दीड महिन्याचा हंगाम ते आवरत नाहीत. त्यासाठी रोजची प्रतिबंधक गोळी लागते आणि त्यात पहिलं नाव व्हेरापामिलचं. ते मुळात हृदयाचं आणि बीपीचं औषध आहे, इथे डोस हळूहळू वाढवत बराच वर न्यावा लागतो आणि प्रत्येक वाढीला ईसीजी काढावा लागतो, कारण हृदयाच्या ठोक्यांचा मार्ग त्याने अडू शकतो. बद्धकोष्ठ होतं, तेवढी तयारी ठेवा. आणि ताई, हे नीट वाचा: अर्धशिशीच्या त्या जुन्या गोळ्यांत प्रोप्रॅनोलॉल आहे का, तपासा. व्हेरापामिलबरोबर ते घेतलं तर ठोके धोकादायकरीत्या मंदावू शकतात. जुन्या सगळ्या चिठ्ठ्या आणि गोळ्यांचे पट्टे एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ओता.

व्हेरापामिलचा गुण यायला एक-दोन आठवडे जातात. तोवरच्या काळासाठी डॉक्टर थोड्या दिवसांचा प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचा कोर्स किंवा डोक्याच्या मागच्या बाजूला, मानेच्या वर, नसेजवळ एक इंजेक्शन देतात. दुसरा उपाय मला या हंगामी रुग्णांसाठी फार आवडतो, बाह्यरुग्ण विभागात दहा मिनिटांत होतो. स्टेरॉइड मात्र केमिस्टकडून आपलं आपण आणून कधीही खाऊ नका. पुढच्या वर्षी गणपती गेले की डॉक्टरांची वेळ घ्या, दिवाळीची वाट बघू नका. तुमच्या घरचा हंगाम कॅलेंडरवर ठरलेला आहे. हा आजार मेंदूतल्या हायपोथॅलॅमसशी, म्हणजे शरीराच्या घड्याळाशी बांधलेला असल्यामुळेच रात्री दीडचा दीड चुकत नाही. झोप लागून तासा-दोन तासांनी कळ येणं ही त्याची ओळखच आहे. मिस्टर फार घोरत असतील, झोपेत श्वास अडकल्यासारखा वाटत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. केईएम, नायर, सायन या पालिकेच्या हॉस्पिटलांत न्यूरॉलॉजीची ओपीडी आहे. लालबागहून केईएम तर तुम्हाला चालत जाण्यासारखं आहे.

हंगाम चालू असेपर्यंत दारू एक थेंबही नको, बिअरसुद्धा. एरवी घेतली तर काही होत नाही आणि हंगामात अर्ध्या-एक तासात कळ सुरू होते, हा या दुखण्याचा स्वभाव आहे. दिवाळीतल्या मित्रमंडळींना तसं आधीच सांगून टाका. रविवारी मटण जेवून दुपारी दोन तास झोपायची सवय असेल तर ती तेवढ्या दिवसांपुरती मोडा, दुपारच्या झोपेने अटॅक येतो. छापखान्यातली शाई, थिनर, रोलर धुवायचं केमिकल यांचा उग्र वासही काहींना भोवतो. मालकाला डॉक्टरांचं पत्र दाखवून महिनाभर बायंडिंगकडे काम मागता आलं तर मागा. सासरे किंवा कुणी हृदयविकाराची सॉर्बिट्रेट गोळी जिभेखाली ठेवत असतील तर त्या जातीच्या गोळीने क्लस्टरचा अटॅक हमखास उठू शकतो, तेव्हा मिस्टरांच्या छातीत दुखलं म्हणून घरातलीच गोळी देण्याऐवजी थेट हॉस्पिटल गाठा आणि तिथे हा आजार सांगा. सिगारेट सोडल्याने हंगाम बंद पडेल असं वचन मी देणार नाही, तसं दिसलेलं नाही. तरी घरात ऑक्सिजन आहे आणि वय 41 आहे, या दोन कारणांनी ती सुटलेली बरी.

अटॅक चालू असताना तुम्ही त्यांना धरून बसवू नका. अर्धशिशीचा माणूस अंधारात गपगार पडतो, क्लस्टरचा माणूस स्वस्थ बसूच शकत नाही, फेऱ्या मारणं हा दुखण्याचाच भाग आहे. चालायला जागा मोकळी करून द्या, टोकदार कोपऱ्याचं स्टूल बाजूला घ्या, ज्या भिंतीवर डोकं आपटतात तिथे उशी लावा. ‘आता कसं वाटतंय’ असं दर दोन मिनिटांनी विचारू नका, ते उत्तर देण्याच्या स्थितीत नसतात. घड्याळ बघून वहीत लिहा: किती वाजता सुरू, मास्क किती वाजता, किती लिटर, किती वाजता उतरलं. डॉक्टरांना या चार रकान्यांतून एमआरआयपेक्षा जास्त कळेल. घरात लहान मूल असेल तर त्याला दिवसा सांगून ठेवा, बाबांचं डोकं रात्री दुखतं आणि थोड्या वेळाने थांबतं, बाबा कुणावर रागावलेले नाहीत. शेजारच्या एकाला तरी खरं काय ते सांगा. चाळीत आवाज सगळ्यांनाच जातो, आणि नवरा पिऊन धिंगाणा घालतो असा समज झाला तर तो तुम्हालाच जाचेल.

काही वेळा घरी थांबायचं नाही. आजवरच्यापेक्षा वेगळी, एका क्षणात शिगेला पोचलेली डोकेदुखी, ताप आणि ताठ मान, हातपाय लुळे पडणं, जीभ जड होणं, फीट, दृष्टी अंधुक होऊन परत न येणं, किंवा तीन तास उलटूनही न थांबलेली कळ, यातलं काहीही झालं तर 108ला फोन करा किंवा टॅक्सीने जवळचं कॅज्युअल्टी गाठा. तिथे रात्रीच्या ड्युटीवरच्या डॉक्टरने क्लस्टरचा पेशंट क्वचितच पाहिलेला असतो आणि तिथेही सवयीने नाकात नळी लावून 4 लिटर सोडला जातो. म्हणून 12 ते 15 लिटर आणि नॉन-रिब्रीदर लिहिलेल्या त्या चिठ्ठीचा फोटो तुमच्या दोघांच्या फोनमध्ये ठेवा आणि केसपेपर काढतानाच दाखवा.